मागचा कागद

झुलालनानांनी भिंग सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि कागदावरची भोकं तिसऱ्यांदा मोजली. अकरा. पत्र्याच्या डब्यातल्या रिकाम्या पुंगळ्या मात्र दहाच होत्या.

जळगावबाहेरच्या त्या रेंजवर भर दुपारी नाना आणि ज्योत्स्नाशिवाय चिटपाखरू नव्हतं. उद्या धुळ्याला राज्य संघाची निवड होती आणि तिला चाळीस गोळ्या झाडायच्या होत्या. रायफल तिच्या भावाची, प्रेमराजची. दिवाळीत एरंडोलजवळ ट्रकनं त्याला उडवलं, तेव्हापासून ती तिच्याकडे होती. प्रत्येक नळीचे लाड वेगळे असतात, महाग काडतूस तिला मानवेलच असं नाही. म्हणून तीस वर्षं कारखान्यात काडतुसं तपासलेल्या नानांनी रायफल तीन नंबरच्या टेबलावर व्हाइसच्या लोखंडी पकडीत आवळून प्रत्येक प्रतीच्या दहा दहा गोळ्या झाडायला घेतल्या होत्या.

सरावाची प्रत चौतीस मिलिमीटरांत पसरली. क्लबाची बावीस. सामन्याची तेरा. यात नवल काहीच नव्हतं. पण तिन्ही कागदांवर बरोबर मध्यावर एक भोक जास्तीचं होतं.

"डोया धोका देस आते," नाना पुटपुटले.

"मागचा कागद बघितला का, नाना?"

निशाणाच्या मागे हातभर अंतरावर दुसरा कागद लावायची पद्धत असते. शेजारच्याची गोळी चुकून आपल्या निशाणावर आली, तर ती तिरकी येते आणि मागच्या कागदावर सरकून उमटते. नानांना तो बघायचा नव्हता. ज्योत्स्नानंच जाऊन आणला. दहा भोकं जागच्या जागी होती. अकरावं दोन बोटं उजवीकडे सरकलेलं.

म्हणजे गोळी डावीकडून आली होती. डावीकडे चार नंबर. प्रेमराजची जागा. पालथं झोपून नेम धरायची त्याची सतरंजी अजून तिथं गुंडाळून ठेवलेली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती.

ज्योत्स्ना त्या सतरंजीपाशी जाऊन उभी राहिली.

"भाऊ इथंच आहे," ती म्हणाली. "मग मी उद्या जाणार नाही. त्याला इथं एकटं टाकून त्याच्याच रायफलीनं नाव कमवू?"

पोरगी निवडीला गेली नाही, तर पुन्हा रायफलीला हात लावणार नाही, हे नानांना पक्कं ठाऊक होतं.

"आखो एक डबी शे ना?" त्यांनी उगाच विचारलं.

पिशवीच्या तळाशी प्रेमराजची एक डबी होती. सरावाची, सगळ्यांत हलकी प्रत. सील न फोडलेल्या पन्नास गोळ्या. नानांनी नवे कागद लावले, एक एक करून दहा झाडल्या आणि या वेळी ज्योत्स्नाला टेबलापाशीच बसवून स्वतः निशाणाकडे गेले.

पुढच्या कागदावर मधोमध एकच भोक होतं, नखाएवढं. दहाच्या दहा गोळ्या त्यातून गेल्या होत्या. हलक्या प्रतीचं असं काम नानांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी मागचा कागद सोडवला.

सरळ रेषेत कागद कोरा होता. नखाएवढं भोक दोन बोटं उजवीकडे होतं.

म्हणजे दहाच्या दहा गोळ्या चार नंबरवरून आल्या होत्या. नानांनी वळून पाहिलं. व्हाइस तीन नंबरवरच होता, जागचा हललेला नव्हता.

"नाना, काय झालं?" ज्योत्स्नानं लांबूनच ओरडून विचारलं. "अकरावी आहे का?"

तीस वर्षांत नानांनी एकही माप खोटं सांगितलं नव्हतं. एकदा तर साहेबाशी भांडून अख्खा लॉट परत पाठवला होता. त्यांनी मागच्या कागदाची चार पदरी घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली.

"नही, बेटा. दहाच शेतस."

"आणि सरळ गेल्या?"

"बठ्ठ्या सरळ." ते टेबलापाशी आले, डबीचं झाकण लावलं आणि ती तिच्या हातात दिली. "यामां चाळीस उरनात. उद्या याच ली जाय."

ज्योत्स्नानं डबी छातीशी धरली, आणि मग उद्यासाठी चार नंबरवरची सतरंजी उचलून तिची धूळ झटकायला लागली.