उंटाची पेटी

सन एकोणीसशे सत्तावन्न, फागुनाचा महिना. सावरबोडीची माणसं पुढं कितीतरी वर्षं या सालाला उंटाचं साल म्हणत.

त्या सकाळी रंभा मोहाखाली उकिडवी बसून फुलं वेचत होती. जंगलात परसा, म्हणजे पळस, लाल फुलला होता, पण खालची जमीन राखेसारखी कोरडी होती. पलीकडच्या टोलीतली, म्हणजे छोट्या वस्तीतली, सोनीबाई दुसऱ्या बाजूनं वेचत वेचत तिच्याजवळ आली.

"रंभे, माह्यी टोपली भरून राह्यली. तुह्यी अजून बुडालेच हाये. रात्री झोपली नाईस का?"

"झोपली ना."

"मंग तुह्या चंदाच्या बापाचा निरोप आला का घुग्घुसवरून?"

"आला. म्हंते, पाऊस पडायच्या आधी तलाव बांधला तं कळव, मी येतो. नाई तं चंदाले घेऊन तूच इकडं ये."

"मंग जा."

"अन् मामाजीले कुठी ठेवू? ते गाव सोडत नाईत."

सोनीबाई फुलं वेचायला वाकली. रंभाही पुन्हा वेचू लागली. आधी अशी गोष्ट निघाली की तिचे हात थांबायचे. आता थांबत नसत. फुलं टोपलीत पडत तशी वाक्यं तोंडातून पडत.

तलावाची गोष्ट अशी होती. सावरबोडीचे सगळे धान गावच्या तलावावर पिकत. तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, पण त्याची निगा गावाची. दर बैशाखात घराघरातून एक माणूस पाटी-फावडं घेऊन पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाई. तुडुम म्हणजे पाणी सोडायची मोरी. तिच्या भोवतीची खेकड्यांची बिळं चिकणमातीनं बुजवायची, पारीवर माती चढवायची, दुपारी आंबील प्यायची आणि घरी यायचं. कोणी कोणाला मजुरी मागत नसे. रंभाचा सासरा सोमाजी बिळं ओळखण्यात पटाईत होता. पारीवर अनवाणी चालायचा आणि तळपायानंच ओळखून सांगायचा, "इथी पोकळ हाये."

मग मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचा झाला. पहिल्या निवडणुकीच्या वेळी सरकारवाल्यांचा उमेदवार पारीवर येऊन उभा राहिला. सोबत नानाजी होता. नानाजी गावचाच, सायकल असलेला एकटाच माणूस, पार्टीचं सगळं काम तोच बघे. "आता तलाव तुमचा," उमेदवारसाहेब म्हणाले. त्या दिवशी सोमाजीनं गावाच्या वतीनं तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन मतांचा शब्द दिला. पाण्यावर दिलेला शब्द सावरबोडीत कोणी मोडत नसे. मोडला तर त्याच्या बांधीत, म्हणजे शेतात, धान पोचट निघतो, असं जुने लोक सांगत. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे; गावानं एकूणएक मत साहेबांच्या पेटीत टाकलं. काही बायकांनी तर पेटीला कुंकू लावलं.

पुढच्या बैशाखात लोक पाट्या घेऊन निघाले, तर नानाजी सायकल आडवी घालून उभा. "आता सरकारी माल हाये तो. त्याले हात लावसान तं केस होईल. सरकार करते ना सारं, तुमी काऊन मरता?" लोकांना ते बरं वाटलं. फुकटची मेहनत कोणाला हवी होती? सगळे घरी गेले. पुढच्या सालीही कोणी गेलं नाही. चोपन्नच्या भादव्यात एका खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपू लागलं आणि दोन दिवसांत तलावाची पार बैलगाडी जाईल एवढी फाटली. पोटरीत आलेले धान उभ्या उभ्या वाळले.

पंचावन्नला रंभाच्या नवऱ्यानं, लटारूनं, दहाबारा जण जमवून भगदाड बुजवायला घेतलं. मुरूम जवळच्या टेकडीवरचा. ती टेकडीही सरकारी निघाली. केस झाली. तारखेला जाऊन जाऊन लटारूच्या वहाणा झिजल्या. शेवटी तो घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीवर निघून गेला.

दुपारी गुडीपुढच्या, म्हणजे देवळापुढच्या, पिंपळाखाली गाव जमलं. नानाजी आला होता. गंधाचा टिळा, खांद्यावर उपरणं. बाया एका अंगाला पदर घेऊन उभ्या राहिल्या.

"यंदा बी एकगठ्ठा," नानाजी म्हणाला. "तलावाचा कागद पास होऊनच राह्यला."

"मागच्या दिवाळीले बी होऊनच राह्यला होता," झिंगू म्हणाला. झिंगू म्हणजे गावचा तोंडाळ. त्याची बांधी तलावाच्या ऐन तोंडाशी, म्हणून सगळ्यांत आधी वाळलेली.

"आरे, कागद नागपूरले होता. आता राज्य मुंबईले गेलं. तं कागद बी गाडीत बसून मुंबईले गेला."

"त्याले तिकीट कोनं काढून देल्लं? आमच्या अर्जाले तं कोनी वेशीपल्याड बी नेलं नाई."

लोक हसले. नानाजीही हसला, पण घाम पुसत.

"चांद्याच्या कोर्टातला तो वकील उभा हाये ना," मागून कोणी म्हणालं. "त्याची पेटी उंटाची हाये."

"उंट कोनं पाह्यला?"

"कोनी नाई. पन म्हंतेत उंट पान्याबिगर राह्यते," झिंगू म्हणाला. "मंग आपल्याले त्योच पाह्यजे ना बापा!"

यावर फार हसू आलं. हसणं ओसरलं तसा सोमाजी काठी टेकून उठला. थकला होता, पण त्याचा आवाज अजून पारीवरून टोलीपर्यंत जाई.

"हासा. उंटावर बसा नाई तं गाढवावर बसा. पन मी पान्यावर शब्द देल्ला हाये. माह्या एकट्याचा नोयता तो, गावाचा होता. मोडाचा असन तं आधी मले सांगा, मोडल्यावर जे होईल ते कोन भोगनार?"

सगळे खाली बघू लागले. झिंगूसुद्धा. तीन साल धान नव्हता, तरी धान पोचट निघायची भीती होती. नानाजीनं उपरणं सारखं केलं. त्याला वाटलं, झालं काम.

तेव्हा बायांच्या अंगाकडून आवाज आला. "मामाजी, एक बोलू का?"

सून सासऱ्यासमोर, तेही गावबैठकीत! पुरुषांच्या माना वळल्या. रंभानं पदर आणखी पुढं ओढला. तिला भीती वाटली नाही. लाजही वाटली नाही. दुसरीच कोणी बोलते आहे आणि आपण ऐकतो आहोत, असं तिला वाटत होतं.

"तुमी शब्द देल्ला तवा मी घागर घेऊन तती उभी होती. तुमी म्हनलं होतं, 'या पान्यानं आमचा धान पिकते, तवर गावाचं मत तुमचं.' असंच म्हनलं होतं ना?"

सोमाजीनं काठी जमिनीत रोवली.

"धान पिकून तीन साल झाले. तुमी शब्द मोडला नाई मामाजी. गावानं बी मोडला नाई. त्यो शब्द पान्यासंगंच वाहून गेला."

झिंगूनं मान वर केली.

"सोमाजी, तुह्यी सून वकील झाली गा!" नानाजी हसण्यावारी न्यायला बघत होता. "अन् बाई, उंटवाला तलाव बांधून देते का?"

"नाई देनार."

"मंग?"

"तुमी बी नाई देल्ला. त्याले निदान इचारून तं पाह्यलं नाई अजून."

"आमच्या घरचे लोक असे करते का?"

"घरचे हावो म्हनून तं हे गत झाली, नानाजीभाऊ. घरच्या बैलाले वेसन अन् पाहुन्याच्या बैलाले ढेप. एखांद्या वक्ती आमाले बी पाहुना होऊन पाहू द्या."

नानाजीनं सायकल उचलली. जाताना लटारूची केस अजून संपली नाही याची त्यानं हळूच आठवण करून दिली. रंभानं फक्त मान हलवली.

घरी आल्यावर सोमाजी ओट्यावर बसला. रंभानं आंबील पुढं ठेवली.

"मी म्हनलं होतं तसं," तो म्हणाला. "तुह्यं खरं हाये. पन सूनबाई, माह्या तोंडात 'तवर' होतं, मनात नोयतं. मी पुराच देल्ला होता."

"मंग तुमी तुमचं टाका मामाजी."

"टाकतो. तू तुह्यं टाक."

एवढंच बोलणं झालं. मग त्यानं आंबील प्यायली आणि वाटी उलटी करून ठेवली.

मतदान शाळेत झालं. बोटाला शाई लावली, हातात कागद दिला, पडद्यामागं दोन पेट्या. रंभानं उंटाकडं पाहिलं. मान वाकडी, पाठीवर गाठ, डोळे अर्धे मिटलेले. तिला त्याच्याबद्दल काहीच वाटलं नाही. दुसऱ्या पेटीबद्दलही नाही. कागद आत टाकला आणि उन्हातून घरी आली. सोनीबाईनं वाटेत विचारलं, "मी बी उंटालेच टाकलं. आता काय होईल?" रंभा म्हणाली, "कोन जाने."

मोजणी झाली. सावरबोडी आणि टोली मिळून तीनशे बारा मतं. उंटाच्या पेटीत तीनशे अकरा, सरकारवाल्या पेटीत एक. ते एक कोणाचं हे विचारायची गरज कोणाला पडली नाही. वकील मात्र पडला. दुसऱ्या गावांनी जुन्याच पेटीत मतं टाकली होती. "गेलं आता," लोक म्हणाले. "आता तं ढुंकून बी पाहनार नाईत." यंदा पाऊस पडायच्या आधी काही होत नाही हे रंभाला कळलं. तिनं घुग्घुसला काही कळवलं नाही.

पण जेठात एक ओवरशेर, म्हणजे सरकारी बांधकामाचा देखरेख्या, साखळी आणि लाल झेंड्या घेऊन पारीवर आला. मागोमाग नानाजी, चेहरा उतरलेला. वरून त्याला विचारलं होतं, सावरबोडीत एकच मत काऊन? मागच्या खेपेला गावानं सगळी मतं दिली होती, तेव्हा कोणी फिरकलं नव्हतं. आता एक सोडून सगळी गेली, तर माणूस भगदाडाची लांबीरुंदी घ्यायला आला.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात पार बांधली. ज्या पारीवर गाव बिनमजुरीनं माती टाकायचं, तिथंच आता हजेरी लागून मजुरी मिळू लागली. मुरूम त्याच टेकडीवरचा. रंभानं दोन महिने पाट्या वाहिल्या. सोमाजी रोज येऊन अनवाणी चालायचा आणि कुठं पोकळ आहे ते सांगायचा. ओवरशेरनं ते लिहून घेतलं नाही, पण मजुरांनी ऐकलं.

श्रावणात तलाव भरला. रंभानं निरोप धाडला. लटारू आला. पारीवर उभा राहिला, खाली उतरून तोंड धुतलं. "चांगला भरला," म्हणाला. चार दिवस रोवणी केली. पाचव्या दिवशी पिशवी भरू लागला.

"आता काऊन?" रंभानं विचारलं. "पानी तं आलं."

"आलं. पुढच्या साली राह्यलं का नाई, ते कोन सांगते? तती खानीवर हप्त्याचा पगार तं चुकत नाई."

ती रडली नाही. अर्धी बांधी रोवायची राहिली होती. ती परे, म्हणजे धानाची रोपं, घेऊन चिखलात उतरली.

सोमाजी साठ साली वारला. शेवटपर्यंत गावानं त्याच्या एका मताची थट्टा केली नाही. लटारू खाणीवरच राहिला, पोळ्याला आणि दिवाळीला येत गेला, खोकला घेऊन. त्याची केस कधी सुटली ते कोणालाच कळलं नाही. तारखा यायच्या बंद झाल्या एवढंच. चंदाचं लग्न तलावाखालच्याच एका घरी झालं. झिंगूनं बांधी विकून चहाचं दुकान टाकलं. वकील पुढच्या निवडणुकीत सरकारवाल्यांकडूनच उभा राहिला आणि निवडून आला. सोनीबाईच्या टोलीला तलावाचं पाणी पोचतच नव्हतं. तिनं रंभासाठी म्हणून मत बदललं होतं, तिला त्यात काहीच मिळालं नाही. टोलीत विहीर झाली, पण ती सोनीबाई गेल्यानंतर.

नानाजी सरपंच झाला. पुढं दर निवडणुकीला, कधी या पार्टीचा तर कधी त्या पार्टीचा होऊन, तो रंभाच्या बांधीपर्यंत चालत यायचा. सायकल सुटली होती, गुडघे गेले होते. आधी तलावाचं विचारायचा, मग तुडुमाचं, मग हळूच म्हणायचा, "रंभाबाई, या वक्ती तुमच्या घरचं मत कुठी?"

रंभा लाखोळी डाळीचे वेल उपटता उपटता मान वर करी.

"पेटीत," ती म्हणे.