उबाल्दोची शीळ

अँटेनाबद्दल बासिलियोला काही विचारू नये, आणि विचारायचंच असेल तर आधी खुर्ची मागून घ्यावी, हे ला कारिदाद गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जन्मभर साखर कारखान्यात मोटारी दुरुस्त केलेला हा माणूस निवृत्त झाला आणि रेडिओच्या खोलीतच राहायला गेला म्हणा ना. जेवायला बाहेर यायचा, ते सुद्धा मिर्ताने, म्हणजे त्याच्या बायकोने, तीनदा हाका मारल्यावर.

पण एक मात्र खरं. त्याचे सल्ले सोन्यासारखे असत. "आधी ऐकायचं, मग बोलायचं," तो नवशिक्यांना सांगे. "देवाने कान दोन दिलेत आणि मायक्रोफोन एकच, उगाच नाही. समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच तोंड उघडू नकोस, एक श्वास थांब. कुणी अडचणीतला असेल तर त्या फटीतून आत येतो. केबलच्या सांध्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळ, घट्ट, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी शिरेल आणि मग माझ्या नावाने बोंब मारशील. जवळच्यांशी बोलायचं असेल तर तार आडवी बांध आणि खाली बांध. आवाज आभाळात जातो आणि पावसासारखा चोहीकडे पडतो, डोंगराच्या पलीकडेसुद्धा. लांबच्यांशी बोलायचं तर खांब उभा कर. आवाज जमिनीला धरून सरळ दुसऱ्या देशात. मधली गावं मात्र विसरायची."

हे सगळं तो जीव तोडून सांगे. गुण देताना मात्र महाकंजूस. रेडिओवाल्यांत एकमेकांना आवाजाचे गुण द्यायची रीत आहे. स्पष्टपणाला पाचपैकी, जोराला नऊपैकी. बाकीचे लोक भिडेखातर सगळ्यांना पाच-नऊ वाटून मोकळे होतात. बासिलियोने कुणालाही उगाच पाच-नऊ दिलं नव्हतं.

आणि उबाल्दोला तर कधीच नाही.

उबाल्दो त्याचा कोंपाद्रे. उबाल्दोच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला हातावर घेतलं होतं बासिलियोने, आणि तेव्हापासून दोघं भावापेक्षा जवळचे. उबाल्दो राहायचा डोंगरापलीकडे, लोमा आसुलला, चार कॉफीच्या झाडांत आणि दोन डुकरांत. तिथे फोन लागत नाही. कॉफीचा ट्रक येईल तेव्हा येतो, रस्ता असेल तर. त्याचा रेडिओ म्हणजे जुन्या रशियन टीव्हीची हाडं, एका मोडक्या फोनचा रिसीव्हर आणि ट्रॅक्टरची बॅटरी. त्यात लहर ठरवणारा स्फटिक एकच, त्यामुळे रेडिओवर बोलायची जागाही एकच. इकडे नाही, तिकडे नाही. वर आणखी एक खोड. बटण दाबलं की उबाल्दोचा आवाज यायच्या आधी बारीकशी शीळ यायची. फुईट्. मग, "बासिलियो, कॉफी झाली का?"

रोज दुपारच्या कॉफीला दोघांच्या गप्पा. कुठली कोंबडी खुडूक झाली, कुणाचा गुडघा दुखतोय, पोरगी कधी येणार. जगाचं काही अडणार नाही असल्या गप्पा. पण बासिलियोची कॉफी त्याशिवाय घशाखाली उतरत नसे.

बिनसलं ते गावच्या जत्रेत. उबाल्दो डोंगर उतरून आला होता, पाठीवर भाजलेल्या कॉफीची पिशवी, काखेत डुकराचं पिल्लू. रात्री अंगणात डॉमिनो मांडला आणि उबाल्दोने बासिलियोला सगळ्यांदेखत धूळ चारली. बासिलियोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हरलेल्या माणसाने गप्प बसावं की नाही? पण नाही.

"सोंगट्या बऱ्या खेळतोस," तो म्हणाला, "पण तुझा तो रेडिओ आधी उकिरड्यावर टाक. बोलायच्या आधी शीळ काय घालतोस? मला काय शेजारची पोरगी समजलास? मी ऐकून घेतो ते तू कोंपाद्रे म्हणून. दुसरा कुणी असता तर कधीच कान फिरवला असता."

अंगण खो खो हसलं. उबाल्दोही हसला. पण सकाळची कॉफी न घेताच तो पहिल्या ट्रकने निघून गेला. पोचवायला गेलेल्या मिर्ताने घरी येऊन एवढंच म्हटलं, "जिभेला हाड नाही तुझ्या."

त्याच आठवड्यात बासिलियोला उसाच्या मळ्यातले टाकून दिलेले ॲल्युमिनियमचे पाइप मिळाले. त्याने एकात एक घालून उंचच्या उंच खांब उभा केला, भोवती जमिनीत तारा पुरल्या आणि जुन्या आडव्या तारेची केबल सोडवून खांबाला जोडली. पहिल्याच संध्याकाळी चिली आला. दुसऱ्या दिवशी जपान! बासिलियो सबंध गल्लीला सांगत सुटला. सकाळी प्रांतातल्या रेडिओवाल्यांची रुएदा भरते, म्हणजे सगळे गोल बसल्यासारखे एकेकाची विचारपूस करतात. तिथेही त्याने जाणं सोडलं. "गावगप्पा नुसत्या," म्हणे. "आता आपण जगाशी बोलणार."

"उंटावरून शेळ्या हाक," मिर्ता म्हणाली. मोकळ्या झालेल्या जुन्या तारेवर तिने धुणं वाळत घालायला सुरुवात केली. तार होती तिथेच होती, पेरूच्या झाडापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत, डोक्यापेक्षा जेमतेम उंच. तिने ती ना कापली ना हलवली. आयती दोरी मिळाली, एवढंच.

आणि दुपारच्या कॉफीला रेडिओवर उबाल्दो नव्हता.

पहिल्या दिवशी बासिलियो म्हणाला, बॅटरी उतरली असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाला, कॉफीची तोडणी असेल. तिसऱ्या दिवशी त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "रुसलाय."

"मग ट्रकवाल्याबरोबर निरोप धाड. चुकलो म्हण."

"मी का म्हणून? मस्करीसुद्धा कळत नाही का त्याला?"

"नुसती मस्करी होती तर तुला झोप का येत नाही?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! दुसऱ्या कुणाची अशी तक्रार आली असती तर 'खांब उभा केलास ना, मग जवळचं कसं ऐकू येईल, गाढवा?' असं तो झोपेतसुद्धा म्हणाला असता. पण आपण बोलून बसलोय हे त्याला आतून ठाऊक होतं, त्यामुळे त्या शांततेत त्याला फक्त राग ऐकू येत होता. तरीही रोज कॉफीच्या वेळेला तो रेडिओ उबाल्दोच्या जागेवर लावायचा आणि फडकं घेऊन तीच ती बटणं पुसत बसायचा. मिर्ता दारातून बघायची. तिला हसू यायचं, आणि त्याची कीवही.

असे आठवडे गेले, आणि मग वादळाची वर्दी आली. मोठं होतं. दक्षिणेकडून सरळ डोंगरावर येणार होतं. गावात खिडक्यांना फळ्या ठोकायला सुरुवात झाली, नळाखाली पिंपं लागली. बासिलियोने बॅटऱ्या भरून घेतल्या. पण खांब उतरवायचं नाव काढेना.

"खांबावरूनच तर साऱ्या जगाला बातमी देता येईल."

"जगाला बातमी देशील, आणि खांब पडेल शेजारच्या चोनाच्या छपरावर," मिर्ता म्हणाली. तेवढ्यात कुंपणावरून चोनाच ओरडली, "बासिलियो, तो तुझा झेंडा उतरवतोस, की मी विळा घेऊन येऊ?"

दोन बायकांपुढे कुणाचं काय चालतं! धुसफुसत त्याने खांबाच्या ताणाचे दोर सोडले, आणि तिघांनी मिळून खांब आडवा केला.

"गर्वाचं घर खाली," मिर्ता पुटपुटली.

आता अँटेना कशाची करायची? वादळात रेडिओवाल्यांची गरज पडते. फोन आधी मरतात, वीज मरते, मग नागरी संरक्षणवाले दार ठोठावतात. बासिलियोने अंगणभर नजर फिरवली. पेरूपासून न्हाणीपर्यंत त्याचीच जुनी तार, आणि तिच्यावर मिर्ताचे दोन झगे, त्याची विजार आणि एक ओला टॉवेल.

"कपडे काढ," तो म्हणाला.

"या वयात?" मिर्ता म्हणाली, आणि चोना कुंपणापलीकडे हसून हसून वाकली.

केबल जोडून, ट्यूब गुंडाळून तो आत आला आणि आपत्तीच्या जागेवर रेडिओ लावला. तिथली सूत्रं ओंदिनाकडे होती. बाई प्रांताच्या मुख्य गावी बसून सगळ्यांना शिस्तीत ठेवायची. बासिलियोने नाव सांगितलं.

"आलात?" ओंदिना म्हणाली. "उपकार झाले. आता या जागेवरून हला आणि त्या बिचाऱ्या उबाल्दोला उत्तर द्या आधी. लोमा आसुलची माणसं कॉफीच्या गोदामात हलली की नाही, मला कळायला हवं आहे, आणि तो फक्त तुमच्याशी बोलतो. रोज दुपारी हाका मारतोय माणूस! अर्ध्या प्रांताने ऐकलंय. आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दामच बोलत नाही. कोंपाद्रेंच्या भांडणात मध्ये कोण पडणार?"

बासिलियोने खिडकीतून बाहेर पाहिलं. आडवी तार, गवतात पडलेला खांब. आणि मग त्याने कपाळावर हात मारून घेतला, असा की मिर्ता दचकली.

"मधली गावं," तो म्हणाला. "मिर्ता, मधली गावं! मीच सांगत आलो ना गं सगळ्यांना! तो हाका मारत होता आणि मीच बहिरा होऊन बसलो होतो."

त्याने रेडिओ उबाल्दोच्या जागेवर नेला. खरखर होती. त्यातून एक आवाज आला, गुळगुळीत, साफ. शीळबीळ काही नाही. बासिलियोला क्षणभर वाटलं दुसराच कुणी आहे. आधी ओळखलं ते मिर्ताने.

"अरे, उबाल्दो आहे तो!"

"बासिलियो, बासिलियो, इथे उबाल्दो," आवाज म्हणत होता, रोज तेच म्हणणाऱ्या माणसाच्या सवयीने. "आज पुन्हा विचारतो. तू म्हणालास म्हणून शीळ काढली. पूर्ण उघडला रेडिओ, एक भाग बदलला. आता कसा येतोय माझा आवाज? ऐकतोय."

बासिलियोला रडू आलं, सरळ रडू, नाक ओढून. रुसवा नव्हता, राग नव्हता. त्याचा टोमणा त्या भल्या माणसाने सल्ला समजून घेतला होता, घरी जाऊन पाळला होता, आणि रोज शाबासकीसाठी दारात उभा होता.

मिर्ताने त्याच्या हातात मायक्रोफोन कोंबला. "बोल. वादळ थांबणार नाही तुझ्यासाठी."

"उबाल्दो," तो म्हणाला. "इथे बासिलियो. पाच-नऊ."

पलीकडून उबाल्दोने खात्री करून घेतली.

"खरं?"

"खरं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत खरं पाच-नऊ. आणि ऐक, मी गाढव आहे. खांब उभा केला होता, त्यामुळे तुला ऐकलंच नाही. आणि अंगणात जे बोललो ते हरल्याच्या रागाने बोललो. माफ कर मला, कोंपाद्रे."

"अरे, मला वाटलं तुझा रेडिओ जळला," उबाल्दो म्हणाला. "मिर्ताची मला काळजी वाटत होती. तू दिवसभर घरात, म्हणजे तिचे हाल."

मिर्ता रडता रडता हसली. मग कामाचं बोलणं झालं. माणसं गोदामात हलली होती, दोन म्हाताऱ्या आणि डुकरं राहिली होती, तीही संध्याकाळपर्यंत जातील. नदी चढायला लागली होती. बासिलियोने सगळं ओंदिनाला कळवलं आणि शेवटचं बोलायला परत आला.

"रेडिओ गोदामात ने. बॅटरी उंचावर ठेव. विजा सुरू झाल्या की केबल काढ, टोक खिडकीबाहेर फेक. आणि उबाल्दो, ती शीळ... ती कधीतरी परत बसव. आज तुझा आवाज मला ओळखू आला नाही. शीळ आली की कळायचं, तू आलास."

"आधी काढ म्हणतोस, मग बसव म्हणतोस," उबाल्दो म्हणाला. "बायकोसारखा वागतोस बघ."

वादळ आलं आणि रात्रभर गावाला झोडपत राहिलं. चोनाचं छप्पर वाचलं, शाळेचं उडालं. गवतातला खांब वाऱ्याने लोळत जाऊन कुंपणात वाकडा झाला. सकाळी बासिलियो बाहेर आला तेव्हा पेरूची फांदी खाली होती आणि तार मात्र जागेवर, एका चिमट्यासकट.

पण लोमा आसुलहून काही नव्हतं. ओंदिनाकडेही काही नव्हतं. नदीने पूल नेला, एवढंच कळलं होतं. बासिलियो सकाळपासून रेडिओसमोर बसून होता. हाका मारायचा, मग एक श्वास थांबायचा, मग आणखी एक. मिर्ताने पुढ्यात ठेवलेल्या केळ्याच्या कापांना त्याने हात लावला नाही. दुपार झाली. कॉफीची वेळ झाली. तिने दोन कप आणले, नेहमीसारखे, आणि त्याच्या शेजारी बसून राहिली.

खरखर नुसती. पाऊस अजून डोंगरावर होता, शब्द म्हणून काही समजत नव्हतं.

मग त्या खरखरीत, अगदी बारीक, फुईट्.

बासिलियो ताडकन उठला, कप कलंडला, कॉफी सगळी टेबलावर. मिर्ताने त्याचा दंड धरला. पुन्हा आली, थोडी मोठी, आणि तिच्यामागून तुटक तुटक उबाल्दो.

"...बासिलियो, सगळे ठीक... डुकरंसुद्धा... शीळ बसवली. रात्रभर गोदामात दुसरं करणार काय होतो?... कॉफी झाली का?"

बासिलियोने टेबलावर सांडलेल्या कॉफीकडे पाहिलं, मायक्रोफोन उचलला आणि एक श्वास थांबला.

"होतेय," तो म्हणाला. "तू बोल."