गाडी वळायला जागा

"अहो थांबा, भिंत लागली!" शिंपीणकाकू मशीन सोडून दारात धावल्या. तोवर नव्या बसच्या शेपटाने त्यांच्या पुढच्या खोलीचा कोपरा खरवडलाच होता.

ड्रायव्हर खाली उतरला. "काकू, ही गाडी जुनीपेक्षा लांब आहे. तुमच्या अंगणात वळणार नाही. सोमवारपासून फाट्यावरच थांबवतो. डेपोच्या साहेबांना निमित्तच हवं होतं, म्हणतात मूठभर माणसांसाठी वर जाताच कशाला?"

"मूठभर असलो तरी माणसंच आहोत ना? की बोचकी?"

रस्ता काकूंच्या दारातच संपत होता. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला कातळ. गाडी वळायला सगळ्या गावात काय ते काकूंचं अंगण. म्हणून त्यांनी तिथे कधी फुलझाडही लावलं नव्हतं. फाट्यावरून गाव म्हणजे तासाभराची उभी चढण. शेजारची नर्स ड्युटी संपवून शेवटच्या गाडीने यायची. तिने लगेच सांगून टाकलं, "एवढी चढण अंधारात एकटीने नाही चढता येणार, काकू. आम्ही दवाखान्याजवळच खोली बघतो." शाळेच्या पोरींच्या आयाही कुजबुजायला लागल्या. आधीच निम्म्या घरांना कुलपं होती. एकाने घर बंद केलं की दुसऱ्याचा पाय निघतो, हे काकू डोळ्यांनी बघत आल्या होत्या.

त्याच बसमधून काकूंचा एकुलता एक मुलगा उतरला होता. त्याचा चेहरा मात्र खुलला होता. "आई, आता तरी शहरात चल. बस गेली म्हणजे गाव संपलंच की."

"ते मी ठरवते," काकू म्हणाल्या आणि ड्रायव्हरकडे वळल्या. "सोमवारी एकदाच गाडी वर आणा. नाही वळली तर खुशाल फाट्यावर थांबवा."

ड्रायव्हर मान डोलावून, गाडी उलटी घेत कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी रविवार, गाडी नसायची. सकाळी चहा झाला आणि काकूंनी मुलाच्या हातात पहार दिली.

"हे कशाला?"

"पुढची खोली पाडायची आहे."

"वेड लागलंय का तुला? मशीन कुठे ठेवशील?"

"स्वयंपाकघरात. शेगडीजवळ शिवला म्हणून ब्लाउज काही करपत नाही."

कापडाला कात्री लावली की मागे बघायचं नाही, हा काकूंचा खाक्या. पण ती खोली नवऱ्याने त्यांच्या मशीनसाठी स्वतःच्या हातांनी बांधली होती. पहिला घाव बसला आणि त्या आत गेल्या, तोंडावर पाणी मारून परत आल्या आणि विटा उचलायला लागल्या. मग नर्स आली, तिचा सासरा घमेलं घेऊन आला, बघता बघता सगळं गाव जमलं. दुपार कलली तेव्हा तिथे खोली होती हे सांगूनही कोणाला पटलं नसतं.

मुलगा धुळीने माखून पायरीवर बसला. "मी तुला न्यायला आलो होतो गं."

"ठाऊक आहे. म्हणून तर पहार तुझ्याच हातात दिली."

तो हसला खरा, पण डोळे पुसायला त्याला बाही पुरली नाही. काकूंनी पदर पुढे केला. स्वतःचे डोळे पुसायचं त्यांनी टाळलं.

सोमवारी गाडी आली. नर्स चढली, दप्तरं घेऊन पोरी चढल्या, सुट्टी संपली म्हणून मुलगाही चढला. ड्रायव्हरने चाक फिरवलं. वळता वळता मुलाची खिडकी नेमकी तिथे आली, जिथे भिंतीला धरून तो पहिली पावलं टाकायला शिकला होता. त्याने हात हलवला. काकूंना हलवता आला नाही, त्यांचे दोन्ही हात ड्रायव्हरला खुणा करण्यात गुंतले होते.

"जाऊ द्या, जाऊ द्या! भरपूर जागा आहे!"