श्रद्धांजलीला हजर

आमच्या समितीचं काम फार पवित्र. एखाद्या म्हाताऱ्याचे किंवा अपंग माणसाचे घरच्यांनी हाल हाल केले की आम्ही जमायचं, कुणाचं काय चुकलं ते तपासायचं आणि कुणाचंच फारसं चुकलेलं नाही असं ठरवून बिस्किटं खायची. बहुतेक वेळा ज्याच्याबद्दल बोलायचं तो आधीच गेलेला असतो. म्हणून अध्यक्षांनी रीत पाडली आहे, की बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहायचं. निवृत्त न्यायाधीश आहेत ते. लोकांना उभं करायची सवय जाता जात नाही.

मी आयुष्यभर वॉर्डात सिस्टर होते. समितीत मला घेतलं आणि दुसऱ्याच बैठकीत माझं नाव ‘मिरची’ पडलं. माझी काही तक्रार नाही.

त्या दिवशीचं प्रकरण एका काकांचं होतं. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. पुतण्या आणि त्याची बायको त्यांना मागच्या खोलीत कोंडून ठेवायचे. जेवण आठवण झाली तर, अंघोळीच्या नावाने बोंब. मीटर बघायला आलेल्या माणसाला वास आला, म्हणून कळलं तरी. त्यांच्या पाठीच्या जखमा मी स्वतः पाहिल्या होत्या. तशा जखमा सहज होत नाहीत, त्यासाठी घरच्यांना नेमाने दुर्लक्ष करावं लागतं.

आता काका सावरले होते, हॉस्पिटलला खाट मोकळी हवी होती, आणि पुतण्या त्यांना न्यायला हात जोडून तयार होता. त्याच्याकडे पाठवायचं की अपंगांच्या संस्थेत, हे आम्ही ठरवायचं होतं. परत त्या खोलीत गेले असते तर काका वाचले नसते, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून कुणाला न विचारता मी त्यांनाच बैठकीला बोलावलं.

मी व्हीलचेअर आत ढकलली तेव्हा सगळे माना खाली घालून उभे. डॉक्टरांचे डोळे मिटलेले, इन्स्पेक्टरांची टोपी छातीशी, समाजकल्याणच्या बाईंचे ओठ आवळलेले. काकांनी एकेकाकडे पाहिलं, रीत म्हणून स्वतःही मान खाली घातली आणि दबक्या आवाजात मला विचारलं, “को... कोण गेलं?”

“तुम्ही,” मी म्हटलं.

काका ठसका लागेपर्यंत हसले. अध्यक्षांनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

“सवय हो, सवय,” ते म्हणाले. “बसा, बसा.”

काका बसलेलेच होते.

मग चर्चा सुरू झाली, काकांच्या डोक्यावरून. बाई म्हणाल्या, शेवटी रक्ताचं नातं आहे. डॉक्टर म्हणाले, पुतण्याला खरोखर पश्चात्ताप झालाय. संस्थेत जागा होती, पण वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. शेवटी पुतण्याला आत बोलावलं. कडक इस्त्रीचा शर्ट, पडलेला चेहरा. त्याने काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“चुकलं आमचं, काका. याल ना आमच्याकडे?”

काकांनी त्या हाताकडे पाहिलं आणि मान हलवली.

“हो म्हणाले!” अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.

माझं डोकंच सटकलं. “ज्याने कोंडलं त्यालाच शेजारी उभं करून विचारताय? चोराला सोबत घेऊन पंचनामा करता का हो, इन्स्पेक्टरसाहेब?”

“करतो की,” ते म्हणाले. पण उठले आणि पुतण्याला बाहेर घालवून दार लावून आले.

“ऐ... ऐकतोय,” काका म्हणाले.

मी दार उघडलं. पुतण्या कानासकट आत आला. मग इन्स्पेक्टर त्याला खांद्याला धरून थेट खाली कँटीनमध्ये घेऊन गेले.

“आता बोला, काका. पुतण्याकडे जायचं?”

“नाही.”

“मग संस्थेत?”

“नाही.”

“असं कसं चालेल?” अध्यक्ष वैतागले. “कुठेतरी जावंच लागेल ना!”

काकांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. “घर... माझं. मी... बांधलं. तो... राहायला आला.”

सगळ्यांच्या तोंडी ‘पुतण्याचं घर’ हेच होतं, माझ्यासुद्धा. अंथरुणाला खिळलेला तो आश्रित आणि दाराला कुलूप लावणारा तो मालक, असं आम्ही शहाण्यांनी गृहीतच धरलं होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“पण तिथे एकटे कसे राहणार तुम्ही?” बाईंनी कळवळून विचारलं. “तुमच्याकडे बघणार कोण?”

“आत्ता... कोण बघत होतं?”

अध्यक्षांनी लिहिलेलं खोडलं आणि नव्याने लिहिलं. काकांनी आपल्या घरी परतायचं, दिवसरात्र मदतीला माणूस ठेवायचा, आणि त्याआधी पुतण्याने बिऱ्हाड हलवायचं. तो हलतो की नाही हे इन्स्पेक्टरांनी जातीने बघायचं. मला अध्यक्षांचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

“पण हे त्याला सांगणार कोण?” त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, इतक्यात काकांनी हात वर केला.

पुतण्या चहा पिऊन तरतरीत होऊन आला. त्याने व्हीलचेअरच्या मुठी धरल्या.

“निघायचं ना, काका?”

“तू निघ,” काका म्हणाले.