पांढऱ्या केसांतला लाल धागा

मी एक जुने टेबल आहे, मित्रांनो. माझ्या पाठीवर एकेचाळीस लाकडी दांड्या आहेत आणि दर दोन दांड्यांमध्ये बोटभर फट आहे. मुळात दांड्या त्रेचाळीस होत्या. पाय चार, त्यांपैकी एक नंतर बसवलेला. लांबी आठ फूट, रुंदी चार फूट. लेसोथोच्या डोंगरात हा-सेओत्सा नावाचे गाव आहे. तिथल्या कातरणीच्या शेडमध्ये मी राहते.

आमच्या देशाला समुद्र नाही. चारही बाजूंना एकच शेजारी देश आहे, म्हणून इथला माल बाहेर जातो तो त्याच्याच रस्त्यांवरून. आमच्या गावचा माल म्हणजे अंगोरा शेळीचे पांढरे, चमकदार केस. व्यापारी त्याला मोहेर म्हणतात. इथून ट्रकने सरहद्दीच्या पुलापर्यंत, पुढे बंदराच्या शहरात, तिथे लिलाव आणि मग जहाज. दूर कुठेतरी त्याचा कोट होतो. तो कोट मी पाहिलेला नाही. ही ऐकीव माहिती आहे.

ओढ्याकाठच्या पॉप्लर झाडाच्या लाकडातून एका सुताराने मला दोन दिवसांत तयार केले. फटी त्याने मुद्दाम ठेवल्या. कातरलेले केस माझ्यावर पसरून झटकले, की माती, लेंड्या आणि तुटके केस खाली पडतात. वर राहतो तो विकायचा माल. पहिल्या वर्षी एका तपासनिसाने माझ्यावर हात ठोकून म्हटले, "टेबल बरं आहे." माझे झालेले कौतुक एवढेच. पुढे एका वर्षी हंगाम संपल्यावर मला बाहेर पावसात ठेवले. एक पाय कुजला, आणि कोणीतरी कडेच्या दोन दांड्या काढून 'पापा'च्या, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीच्या, हंड्याखाली जाळल्या.

माझ्यावर काम करते ती मालिनेओ. गावात तिला सगळे 'म्मे', म्हणजे आई म्हणतात. केसांची प्रत ठरवणे हे तिचे काम, आणि प्रत्येक गासडीवर तिचा नोंदणी क्रमांक छापला जातो. गेल्या वर्षी बंदरावरून पत्र आले. पाच गासड्यांतून एकेक किलो नमुना तपासला होता आणि त्यात अकरा रंगीत धागे सापडले होते. पांढऱ्या मोहेरला रंग देताना असा एक धागाही कापडात उठून दिसतो. पत्रात पुढे लिहिले होते : यंदा तीनपेक्षा जास्त धागे सापडले, तर क्रमांक रद्द. क्रमांक गेला, की आमच्या शेडचा माल लिलावात कचऱ्याच्या ढिगात धरला जातो.

"पोत्यांचे धागे असतील," न्ताते सेआबाता म्हणाले. न्ताते म्हणजे बाबा. ते शेडच्या समितीचे अध्यक्ष.

"पोती पांढरी आहेत, न्ताते. धागे लाल होते."

"मग पुलापलीकडं कोणीतरी घातले असतील. वाटेत चोर काय कमी आहेत?"

"चोर केस घेऊन जाईल, की आपलेच धागे ठेवून जाईल?"

कातरणारे हसले. सेआबाता हसले नाहीत.

धागे कुठून येतात हे मला माहीत होते, पण टेबलाला कोण विचारतो? आमच्याकडे बाप्या माणूस घोंगडीशिवाय चारचौघांत उभा राहत नाही. ऊन असो वा बर्फ, खांद्यावर घोंगडी आणि तिला मोठी टाचणी. शेळी कातरताना सगळे घोंगडीसकट वाकतात आणि गप्पा मारताना घोंगडीसकट माझ्यावर रेलतात.

यंदाच्या कातरणीच्या पहिल्या सकाळी मालिनेओने सेआबातांच्याच शेळीचे केस माझ्यावर पसरले. ते नेहमीसारखे कोपर टेकून उभे राहिले. तिने त्यांना तसेच रेलू दिले. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "आता जरा बाजूला व्हा, न्ताते." मग तिने चिमट्याने एकेक धागा उचलून काळ्या पाटीवर ठेवला. लाल सतरा, पिवळे सहा.

"लाल घोंगडी इथं दहा जणांकडं आहे!"

"आणि मक्याचं पिवळं कणीस कोणाच्या घोंगडीवर विणलंय?"

सगळ्यांनी त्यांच्या पाठीकडे पाहिले. कणीस एकट्या त्यांच्याच पाठीवर होते.

"म्हणजे आता शेळीबरोबर मलाही सोलणार का, पोरी?"

"सोलत नाही, न्ताते. दाराबाहेर तार बांधलीय, तिच्यावर घोंगडी टांगा. अंगणात शेणाची शेकोटी पेटवलीय. गारठलात की शेकून या."

"लग्नात अंगावर घातलेली घोंगडी आहे ही. लोकांपुढं कधी काढली नाही मी."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर आधी तुम्हाला विचारतेय. तुम्ही काढलीत, तर बाकीचे काढतील."

सेआबाता दारापर्यंत गेले, थांबले, आणि त्यांनी टाचणी उघडली. आत धुऊन विरलेला सुती सदरा होता. "अरेच्चा, न्ताते, तुम्ही एवढे बारीक आहात होय!" एक कातरणारा म्हणाला. "गप रे, तुझी काढ आधी, मग बघू कोण बारीक!" दुपारपर्यंत तारेवर चौदा घोंगड्या होत्या. तीन आठवडे सगळे कुडकुडत आणि कुरकुरत राहिले, पण घोंगडी घालून आत कोणी आले नाही.

संध्याकाळी मालिनेओ माझ्या एकेक फटीत ब्रश घालत असे. मित्रांनो, माल झाडूनपुसून ठेवणारे पुष्कळ असतात. माल जिच्यावर ठेवायचा ती जागा फार थोडे लोक साफ करतात. तुमच्या घरी असे एखादे जुने टेबल असेल, तर त्याच्या फटी झाडा आणि पावसाळ्यात त्याला आत घ्या. आम्हाला एवढे पुरते.

सात आठवड्यांनी बंदरावरून पाकीट आले. मालिनेओने ते माझ्यावर ठेवून उघडले. सेआबाता दारातच उभे राहिले. त्यांच्या अंगावर घोंगडी होती. तिने मोठ्याने वाचले :

"गासड्या पाच. नमुना प्रत्येकी एक किलो. रंगीत धागे दोन."