खाली उतरलेली पट्टी

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. जवाहरनगरच्या क्वार्टरांत गिटारचं वेड शिरलं होतं, आणि चाळिशी ओलांडलेली रत्नमालाही शेजारच्या जीवन सरांकडे पोरांच्या रांगेत बसून सरगम शिकत होती. हातात बसली होती ती एकच पट्टी, पांढरी पाच. त्याहून वरची हवी असली की दांडीवर चिमटा लावायचा.

त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. कारध्याच्या विहारात सासरच्या सगळ्या माणसांसमोर ती गिटार घेऊन बसली होती. पेटीवाले ताराचंदभाऊ डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेलेले. गाणार होती मोठी नणंद सत्यवती. मागच्या वर्षी तिचा सूर मधेच सुटला आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या. यंदाही तसंच झालं तर पुन्हा तोंड उघडणार नाही, असं ती घरी सांगून निघाली होती.

"ताई, काळी चार ना?" रत्नमालेनं चिमटा लावत विचारलं.

"गळा बसला व आज. पांढरी चार घे."

पांढरी चार म्हणजे रत्नमालेच्या पांढरी पाचच्याही खाली. चिमट्यानं पट्टी वर चढते. खाली उतरवणारा चिमटा नसतो.

"मले नाही येत ते, ताई."

"काहून? वर्षभर त्या सराले चहाच पाजून राहिली होती का?"

पुढं बसलेली जनाबाई खुदकन हसली. "चालू करा वो! खीर थंडी होऊन राहिली."

सर म्हणायचे, सा कुठंही ठेवा, पुढची अंतरं तीच राहतात. पाठ होतं तिला, पण हातानं कधी केलं नव्हतं. चिमटा काढून, चाचपडत तिनं चौथ्या तारेवर सा शोधला. एका तारेवरून दुसरीवर जाण्याची हिंमत नव्हती; त्याच तारेवर दांडीवरची घरं मोजत सरकत जायचं ठरवलं. दोन घरं, रे. दोन घरं, ग. ताईंनी गाणं उचललं. घाबरून बोट पुन्हा दोन घरं गेलं आणि मध्यम चढा लागला.

ताईंचा आवाज थरथरला. जनाबाईचा पदर तोंडाकडे निघाला.

ग ते म एकच घर! बोट मागं आलं. सूर जुळला, आवाज सावरला. पण अंतरा चढू लागला तसं रत्नमालेचं बोटही पुढं पुढं सरकू लागलं. प, ध... नी तर जिथं दांडी संपून लाकडी पेटी सुरू होते तिथं होता. तिकडं तिचं बोट कधी गेलंच नव्हतं. घामानं तार निसटत होती. पुढं एकच घर, वरचा सा. चुकलं तर ताईंचं गाणं संपलं. डोळे मिटून तिनं बोट दाबलं.

लागला. ताईंचा बसलेला गळा त्या सुरावर जाऊन टेकला आणि टेकूनच राहिला. पदर खाली गेले.

ताईंना ती जागा इतकी आवडली की त्यांनी तीच ओळ पुन्हा धरली. डोळे मिटून दाबलेलं ते घर कितवं, हे रत्नमालेला ठाऊकच नव्हतं; ती घाईघाईनं खालून घरं मोजू लागली.