‘लेट’चे अर्थ

“लेट म्हणजे?” विनताबाईंनी फळ्यावर तीन अक्षरं लिहून आठवीच्या वर्गाकडे पाहिलं.

“देर से आना, मॅडम!”

“सो जाना!” मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग खिदळला.

विनताबाईही हसल्या. शहराच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या या खासगी शाळेत त्या सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या आणि दरवर्षी हाच विनोद व्हायचा. मग त्या एकेक अर्थ उलगडत. लेट मी सिट, मला बसू द्या. हाउस टु लेट, घर भाड्यानं देणं आहे. लेट डाउन, ऐन वेळी तोंडघशी पाडणं.

“और लेट हिम गो, यानी उसे जाने दो,” त्या म्हणाल्या. “याद रखो, जाने उसी को देते हैं जो जाना चाहता है.”

एवढ्यात शिपाई दारात आला. प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं होतं.

प्रिन्सिपल म्हणजे अपूर्वा. याच शाळेत विनताबाईंच्या हाताखाली शिकलेली.

“बसा ना, मॅडम,” म्हणत तिनं एक पत्र पुढे सरकवलं. त्यातलं दुसरंच वाक्य होतं, ‘वुई हॅव डिसाइडेड टु लेट यू गो.’

विनताबाईंनी ते दोनदा वाचलं.

“मी कुठं जायचं म्हटलं होतं?”

“तसं नाही, मॅडम. मॅनेजमेंटला स्पोकन इंग्लिशवाले पाहिजेत. पेरेंट्स म्हणतात, मॅडम हिंदीतून शिकवून राहिल्या.”

“हिंदीतून सांगते म्हणून पोरांना कळतं. तुला तसंच कळलं होतं.”

अपूर्वानं मान खाली घातली.

“मग सरळ लिही ना, काढून टाकलं म्हणून. जाऊ देतो काहून म्हणता? मी हात जोडले होते का तुमच्यासमोर?”

“काढलं असं लिहिलं तर दुसरी शाळा दारात उभं करणार नाही, मॅडम. तुमच्यासाठी भांडून हा शब्द घालून घेतला मी. आणि... सही झाल्याशिवाय अनुभवाचं सर्टिफिकेट नाही देता येत.”

विनताबाईंना घर आठवलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचे यजमान भय्यासाहेब दोन वर्षं पलंगावर होते. सिहोरा गावच्या एका शाळेत जागा होती, पण तिथं आधी सर्टिफिकेट मागणार.

चुकीच्या अर्थाची असली वाक्यं त्यांनी मुलांच्या वह्यांत जन्मभर खोडली होती. या वाक्याखाली त्यांनी पूर्ण नावानिशी सही केली, तारीख घातली.

“चलो, चहा मागवते,” अपूर्वा सुटल्यासारखी म्हणाली.

“नको. माझा तास अर्धा राहिला आहे.”

“मॅडम, वर्गावर... नवीन मिस गेल्या आहेत.”

पर्स वर्गातच राहिली होती. विनताबाई वर्गाच्या दाराशी आल्या. आत पंचविशीतली एक मुलगी फाडफाड इंग्रजीत बोलत होती. विनताबाई उंबऱ्यापाशी थबकल्या.

“मे आय कम इन?”

“येस?” मुलीनं कुणा पालकाकडे पाहावं तसं हसून पाहिलं.

त्यांना पाहताच बाकं करकरली आणि सगळा वर्ग उभा राहिला. विनताबाई खाली मान घालून खुर्चीपर्यंत गेल्या, खुर्चीच्या पाठीला लटकलेली पर्स उचलली आणि मागे वळल्या.

“सिट डाउन,” नवीन मिस म्हणाली.

मुलं बसली.